छापील वेगापलीकडे : ‘रेडिऑन ९५००’ आणि ओव्हरक्लॉकिंगचा इतिहास

ऑगस्ट २००२ मध्ये कॅनडातील एटीआय या कंपनीने ‘रेडिऑन ९७०० प्रो’ हे ग्राफिक्स कार्ड ३९९ डॉलरना बाजारात आणले. त्यानंतर काही आठवड्यांतच त्याचे स्वस्त भावंड आले, ‘रेडिऑन ९५००’. नाव निराळे, किंमत बरीच कमी. आतली चिप मात्र तीच, दहा कोटींहून अधिक ट्रान्झिस्टरांची आर३००. फरक इतकाच की चित्र रंगवणाऱ्या आठ पाइपलाइनींपैकी चार कंपनीने बंद करून ठेवल्या होत्या.

असे का, हे समजण्यासाठी चिपच्या जन्माकडे पाहावे लागते. सिलिकॉनच्या एकाच चकतीवर शेकडो चिप घडतात. त्या सगळ्या सारख्या निघत नाहीत. एखादीचा कोपरा सदोष असतो, एखादी कमी वेगावरच तग धरते. सदोष भाग बंद करून अशी चिप स्वस्तात विकणे हा शहाणपणाचा व्यवहार होय. परंतु स्वस्त मालाची मागणी सदोष चिपांच्या संख्येत क्वचितच बसते. मग धडधाकट चिपांचेही निम्मे अंग बांधून त्या त्याच खोक्यात घातल्या जातात.

वेगाचेही तसेच. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्यात विद्युतसंकेताने परिपथातील आपला टप्पा पार करायचा असतो. ठोके जलद केले की संकेत उशिरा पोहोचतो आणि उत्तर चुकते. व्होल्टेज वाढवल्यास तो धावतो खरा, पण विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि चिप तापते. कंपनी जो वेग छापते तो सर्वांत दुबळ्या चिपलाही उन्हाळ्यात, कोंदट पेटीत, वर्षानुवर्षे झेपावा असा असतो. त्यामुळे बहुतेक चिपांत थोडी शिल्लक उरते. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे ही शिल्लक वापरणे.

अलेक्सी निकोलाइचुक या रशियन प्रोग्रॅमरचे ‘रिव्हाट्यूनर’ हे त्या काळचे मुख्य हत्यार. त्यातली पट्टी काही मेगाहर्ट्झ पुढे सरकवायची, खेळ चालवून पाहायचा. पडद्यावर ठिपके किंवा फाटके त्रिकोण दिसू लागले की माघार घ्यायची.

‘९५००’च्या बाबतीत प्रकरण याच्याही पुढे गेले. आरंभी काहींनी चिपवरचा इवलासा रोधक हलवून, म्हणजे थेट डाग देऊन, बंद पाइपलाइनी उघडल्या. लवकरच तेच काम बदललेल्या ड्रायव्हरने होऊ लागले. १२८ एमबी मेमरीच्या ठरावीक कार्डांवर मेमरीचा मार्गही २५६ बिटांचा होता. अशा कार्डाच्या आठही पाइपलाइनी जाग्या झाल्या की ते थेट ‘९७००’ होत असे. पुढे २७५ मेगाहर्ट्झची मजल ‘प्रो’च्या ३२५ पर्यंत नेण्याचा प्रयत्न व्हायचा. मात्र पाइपलाइनी खरोखरच सदोष असतील, तर पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी उमटत. कंपनीने चांगली चिप बांधली होती की नासकी वाचवली होती, याचा निवाडा ग्राहकाला त्या चौकटींतूनच मिळे!

२००३ मध्ये ‘९५००’ची जागा ‘९६००’ने घेतली. तिच्या चिपमध्ये मुळातच चार पाइपलाइनी होत्या. उघडायला काही उरलेच नव्हते. तरी २००४ च्या एनव्हिडियाच्या ‘जीफोर्स ६८००’मध्ये सोळांपैकी बारा पाइपलाइनी चालू ठेवलेल्या आढळल्या आणि रिव्हाट्यूनर पुन्हा कामाला लागले. यथावकाश नको असलेले भाग लेझरने कायमचे तोडण्याची पद्धत रुळली.

वेगाच्या शिल्लकीचा निकाल मार्च २०१२ मध्ये लागला. एनव्हिडियाच्या ‘जीटीएक्स ६८०’वर एक आकडा नव्हता, दोन होते: मूळ वेग १००६ आणि ‘बूस्ट’ १०५८ मेगाहर्ट्झ. विजेचा खप आणि तापमान पाहून कार्ड स्वतःच वेग चढवू लागले. ग्राहक ज्या शिल्लकीसाठी रात्री जागवत, ती आता खोक्यावर छापून विकली जात होती. पट्टी आजही आहे. पण ती सरकवल्यावर बदलतो तो कार्डाने स्वतः मांडलेल्या हिशेबातला अधिक-उण्याचा आकडा.