हे विमान आता उडेल का? नेहरू विज्ञान केंद्रातल्या 'मारुत'ची गोष्ट

मी मीरा रोडच्या शांती नगरमध्ये राहतो. मागे सुट्टीत भाच्याला घेऊन लोकलने महालक्ष्मीला उतरलो आणि वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात गेलो. तिथे उघड्यावर ठेवलेलं एचएफ-२४ मारुत हे लढाऊ विमान बघून तो म्हणाला, "मामा, इंधन भरलं तर हे उडेल का?"

नाही उडणार. पण का नाही, हे समजून घेण्यासारखं आहे.

मारुत म्हणजे काय?

भारतात विकसित झालेलं हे पहिलं जेट लढाऊ विमान. दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन 'फॉके-वुल्फ १९०' बनवणारे कुर्ट टँक १९५६ साली बंगळूरला आले आणि त्यांच्या हाताखाली याचं डिझाइन झालं. १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी ते पहिल्यांदा उडवलं. पुढे एकूण १४७ विमानं बनली.

घोडं कुठे अडलं?

इंजिनात. आराखडा होता आवाजाच्या दुप्पट वेगाच्या आसपास जाण्याचा. पण त्यासाठी हवं असलेलं ब्रिटिश इंजिन पूर्ण झालंच नाही. मग प्रत्येकी सुमारे २२०० किलो जोराची दोन 'ऑर्फियस ७०३' इंजिनं बसवली, आणि सरळ उड्डाणात वेग ताशी ११०० किलोमीटरच्या आसपास अडकला. आफ्टरबर्नर लावून जोर वाढवायचे प्रयत्न झाले. अशाच एका विमानाच्या अपघातात १० जानेवारी १९७० रोजी सुरंजन दास गेले.

युद्धात काय केलं?

डिसेंबर १९७१ मध्ये राजस्थान सीमेवर मारुतने जमिनीवरच्या लक्ष्यांवर हल्ले केले. लोंगेवालाच्या लढाईतही ती होती. दोन इंजिनांचा इथे फायदा झाला: एक निकामी होऊनही विमानं तळावर परतली. हवाई लढतीत एकही मारुत पडलं नाही. १९९० पर्यंत ही विमानं हवाई दलातून निवृत्त झाली.

प्रदर्शनात ठेवताना काय करतात?

इंधन आणि तेल काढून टाकतात. वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या सीटमध्ये स्फोटक काडतुसं असतात, ती काढणं सगळ्यात महत्त्वाचं. नाहीतर कुणी चुकून खटका ओढला तर जिवावर बेतेल. शिवाय उडणाऱ्या विमानाचा प्रत्येक भाग ठरावीक तासांनी तपासावा किंवा बदलावा लागतो. मारुतचं उत्पादनच थांबलंय, तर सुटे भाग आणणार कुठून?

मुंबईची हवा हा नवा शत्रू

विमानाचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आणि बरेचसे बोल्ट स्टीलचे. दोन्हींच्या मध्ये खारट ओल शिरली की तिथे चक्क छोटी बॅटरी तयार होते. त्यात ॲल्युमिनियम झिजतं, पांढरी भुकटी दिसू लागते आणि रंगाला फोड येतात. म्हणून उघड्यावरचं विमान गोड्या पाण्याने धुवावं लागतं, पावसाचं पाणी आत साचू द्यायचं नाही, कबुतरं घरटी करू नयेत म्हणून इंजिनाची तोंडं बंद करायची, आणि टायर बसू नयेत म्हणून भार टेकूंवर घ्यायचा. गंमत बघा, विमान हवाई दलात होतं तोवर हे सगळं कर्मचारी रोज बघायचे. आता कुणी तरी आठवणीने करायला हवं.

बघायला गेलात तर

पंख जिथे जोडलेत तिथे विमानाची कंबर बारीक केलेली दिसेल. आवाजाच्या वेगाजवळ जाताना आडव्या छेदाचं क्षेत्रफळ एकदम वाढलं तर हवेचा विरोध फार वाढतो. पंखांमुळे वाढलेली जागा कंबरेतून कमी केली आहे. भाच्याला ते दाखवलं, तर म्हणाला, "म्हणजे विमान तयार होतं, इंजिनच आलं नाही!"

अगदी बरोबर. पुणेकरांना लांब यायला नको. कमला नेहरू पार्कमध्येही एक मारुत आहे.