रोजगार संस्था, ब्रिटनमधील : स्थापनेच्या कायदेशीर अटी

रोजगार संस्था, ब्रिटनमधील : नोकरी शोधणारा व नोकरी देणारा यांची गाठ घालून देण्याचा, किंवा स्वतःकडची माणसे दुसऱ्याच्या कामावर पाठवण्याचा व्यवसाय. इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंड येथे त्याला १९७३ चा एम्प्लॉयमेंट एजन्सीज ॲक्ट आणि त्याखालील २००३ चे आचारनियम लागू आहेत. उत्तर आयर्लंडची नियमावली स्वतंत्र आहे. बहुतेक क्षेत्रांत अशी संस्था काढण्यासाठी परवाना लागत नाही. मात्र नोकरी शोधणाऱ्याकडून नोकरी मिळवून दिल्याबद्दल पैसे घेणे हा गुन्हा आहे, आणि ब्रिटनमधील बाकीचे बरेचसे नियम या एका मनाईच्या आधाराने उभे आहेत.

पूर्वपीठिका : १९७३ च्या कायद्याने अशा संस्थांना परवाना सक्तीचा केला होता. १९९४ च्या डीरेग्युलेशन अँड कॉन्ट्रॅक्टिंग आउट ॲक्टने तो काढून टाकला आणि ३ जानेवारी १९९५ पासून परवानापद्धती संपली. त्यानंतर दहा वर्षांच्या आतच तिचा एक भाग परत आणावा लागला. ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री लँकेशर किनाऱ्यावरील मोरकॅम बे येथे ओहोटीच्या वाळूत शिंपल्या वेचणारे चिनी मजूर भरतीच्या पाण्यात सापडले आणि त्यांपैकी किमान २१ जण बुडून मेले. त्यांना तेथे नेणाऱ्या मुकादमाला पुढे सदोष मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली. २००४ च्याच जुलैमध्ये गँगमास्टर्स (लायसेन्सिंग) ॲक्ट संमत झाला. गँगमास्टर म्हणजे मजुरांची टोळी पुरवणारा मुकादम. ऊसतोडीच्या टोळ्या आणि त्यांचे मुकादम पाहिलेल्या मराठी वाचकाला ही व्यवस्था वेगळी समजावून सांगावी लागत नाही. मजुराचे काम, राहणे आणि कर्ज एकाच माणसाच्या मुठीत गेले की काय होते, हे मोरकॅमच्या वाळूवर दिसले.

दोन प्रकार : कायदा दोन व्यवसाय वेगळे मानतो. माणूस शोधून दिला, मालकाने त्याला थेट नोकरीवर ठेवले आणि संस्थेचे काम संपले, तर ती ‘एम्प्लॉयमेंट एजन्सी’. माणूस संस्थेच्याच पटावर राहतो, काम दुसऱ्याकडे व त्याच्या देखरेखीखाली करतो आणि पगार संस्थेकडून घेतो, तर तो ‘एम्प्लॉयमेंट बिझनेस’. बोलताना दोघांनाही एजन्सीच म्हणतात, पण दुसऱ्या प्रकारात पगार, कर व भरपगारी रजा यांची जबाबदारी संस्थेवर येते. आपण कोणत्या नात्याने काम करीत आहोत, हे उमेदवाराला लेखी आणि आधीच कळवावे लागते. एकच संस्था दोन्ही कामे करू शकते.

कंपनी व मालकी : संस्था एकट्याच्या नावावर किंवा भागीदारीत चालवता येते. प्रचलित मार्ग मात्र मर्यादित कंपनीचा आहे. तिची नोंदणी कंपनीज हाउस येथे होते. किमान एक संचालक प्रत्यक्ष व्यक्ती असावा लागतो आणि त्याचे वय किमान १६ असावे लागते. तो ब्रिटिश नागरिक किंवा तेथील रहिवासी असण्याची अट नाही. नोंदणीकृत कार्यालय ब्रिटनमध्येच लागते आणि त्यासाठी नुसता पोस्ट बॉक्स चालत नाही. २५ टक्क्यांहून अधिक भाग ज्याच्याकडे आहेत, त्याचे नाव जाहीर नोंदवावे लागते. २०२३ च्या आर्थिक गुन्हे व कंपनी पारदर्शकता कायद्याने संचालकांची ओळख-पडताळणीही आणली आहे.

भारतात राहणाऱ्या व्यक्तीला अशी कंपनी स्थापन करता येते. ब्रिटनमध्ये राहून ती चालवायची तर वेगळा व्हिसा लागतो. व्हिजिटर व्हिसावर बैठका घेता येतात, करारांवर सह्या करता येतात, पण व्यवसाय चालवता येत नाही. परदेशात आधीपासून चालू असलेल्या कंपनीला ब्रिटनमध्ये पहिली शाखा उघडण्यासाठी आपला माणूस ‘यूके एक्स्पान्शन वर्कर’ मार्गाने पाठवता येतो.

इतर नोंदण्या : पगार देणाऱ्या संस्थेला महसूल खात्याकडे मालक म्हणून नाव नोंदवून वेतनातून कर कापावा लागतो. करपात्र उलाढाल वर्षाला ९० हजार पौंडांपुढे गेली की व्हॅट-नोंदणी सक्तीची होते. १९६९ च्या कायद्यानुसार कर्मचाऱ्यांच्या इजा-आजारांसाठी किमान ५० लाख पौंडांचा विमा उतरवावा लागतो, आणि विमा नसेल तर दिवसाला २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. उमेदवारांची माहिती साठवायची म्हणून माहिती आयुक्तांच्या कार्यालयात शुल्क भरून नोंद करावी लागते. संस्थेने स्वतः नोकरीवर ठेवलेल्या माणसाला ब्रिटनमध्ये काम करण्याचा हक्क आहे का, हे काम सुरू होण्यापूर्वी तपासावे लागते. तपासणी न करता हक्क नसलेला माणूस ठेवल्याचे आढळल्यास २०२४ पासून पहिल्या खेपेला प्रत्येक कामगारामागे ४५ हजार आणि पुन्हा चुकल्यास ६० हजार पौंडांपर्यंत दंड आहे. २०१० चा समानता कायदा जाहिरातीच्या मजकुरापासून निवडीपर्यंत सगळ्याला लागू होतो.

परवाना लागणारी क्षेत्रे : शेती, बागायत, शिंपल्या गोळा करणे आणि या मालावरील प्रक्रिया व पॅकिंग यांसाठी मजूर पुरवायचे असतील, तर २००४ च्या गँगमास्टर्स कायद्याखालचा परवाना हवा. परदेशात बसून ब्रिटनमध्ये मजूर पाठवणाऱ्यालाही तो घ्यावा लागतो. परवाना देण्यापूर्वी अर्जदाराची पात्रता, मजुरांचा पगार, त्यांची राहण्याची व वाहतुकीची सोय आणि कर्जबाजारीपणाची शक्यता तपासली जाते. परवान्याशिवाय मुकादमी केल्यास दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विनापरवाना मुकादमाकडून मजूर घेणारा शेतमालकही गुन्हेगार ठरतो.

आचारनियम : २००३ चे नियम ६ एप्रिल २००४ पासून अमलात आले. नोकरी शोधणाऱ्याकडून शुल्क घेण्यास मनाई आहे, अपवाद मुख्यतः अभिनय, मॉडेलिंग आणि तत्सम क्षेत्रांपुरते. प्रशिक्षण, बायोडेटा लिहून देणे अशा सेवांचे पैसे घेता येतात, पण त्या घेतल्या तरच नोकरी दाखवू, अशी अट घालता येत नाही. आगाऊ शुल्काचा मागचा दरवाजा तेथेच बंद होतो.

पगाराचा नियम उदाहरणाने स्पष्ट होतो. समजा, एका पॅकिंग शेडमध्ये संस्थेच्या कामगाराने आठवडाभर काम केले. शेडमालकाने संस्थेचे बिल थकवले आणि हजेरीच्या कागदावर सहीही केली नाही. ठरलेल्या दिवशी संस्थेने पगार दिलाच पाहिजे. तास किती भरले हे ती तपासू शकते, परंतु मालकाचे पैसे आले नाहीत किंवा सहीचा कागद नाही, या कारणासाठी पगार अडवू शकत नाही. उधारीची जोखीम संस्थेची, मजुराची नव्हे. म्हणून या धंद्यात खेळते भांडवल कायद्याच्या अटीइतकेच महत्त्वाचे ठरते.

काम सुरू होण्यापूर्वी अटी लेखी ठरवाव्या लागतात. एप्रिल २०२० पासून ‘की इन्फर्मेशन डॉक्युमेंट’ नावाचे एक छोटे पत्रकही द्यावे लागते. पगार कोण देणार, किती देणार, त्यातून काय काय कापले जाणार आणि हातात किती पडेल, हे त्यात नमुन्याच्या आकड्यांसह लिहिलेले असते. उमेदवाराची ओळख व पात्रता तपासणे, मुले, वृद्ध किंवा आजारी यांच्यासोबतच्या कामासाठी दोन संदर्भपत्रे मिळवणे आणि नोंदी किमान एक वर्ष जपणे ही संस्थेचीच कामे. २०१० च्या एजन्सी वर्कर्स रेग्युलेशन्सनुसार एकाच ठिकाणी एकच काम १२ आठवडे केल्यावर तात्पुरत्या कामगाराला मूळ वेतन, कामाचे तास व रजा यांबाबत तेथील कायम कामगाराबरोबरीचे हक्क मिळतात.

संपावर गेलेल्यांच्या जागी माणसे पुरवण्यासही मनाई आहे. जुलै २०२२ मध्ये सरकारने ही मनाई उठवली, परंतु कामगार संघटनांशी योग्य सल्लामसलत केली नाही म्हणून उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये तो बदल रद्द ठरवला आणि मनाई परत आली.

अंमलबजावणी : नियमभंगासाठी दंड आहेच. त्याशिवाय एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनल एखाद्या व्यक्तीला दहा वर्षांपर्यंत हा व्यवसाय करण्यास बंदी घालू शकते. दारावर परवाना न तपासणाऱ्या व्यवस्थेचे खरे हत्यार हेच आहे. विखुरलेल्या तपासणी यंत्रणा फेअर वर्क एजन्सी या एका संस्थेखाली आणण्याची तरतूद २०२५ च्या एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्टने केली.

भारताशी संबंध : ब्रिटनमधील नोंदणीमुळे भारतात भरती करण्याचा अधिकार मिळत नाही. येथे १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमाखाली भरती एजंटाची नोंदणी लागते आणि पूर्ण नोंदणीसाठी ५० लाख रुपयांची बँक हमी द्यावी लागते. जहाजांवरील भरतीचा परवाना वेगळा असून तो नौवहन महासंचालनालय देते. त्याचे मुख्यालय मुंबईत आहे, आणि कोकण-गोव्यातल्या दर्यावर्दी घरांना त्याची चांगली ओळख आहे.

दोन्ही देशांतला फरक पैशांच्या रकान्यात उघड दिसतो. भारतीय नियमांनुसार नोंदणीकृत एजंट उमेदवाराकडून ३० हजार रुपयांपर्यंत व त्यावर जीएसटी इतके सेवाशुल्क घेऊ शकतो, तर ब्रिटिश नियमांनुसार तोच आकडा शून्य आहे. ब्रिटनमधील आरोग्यसेवेसाठीची भरतीसंहिता याच्याही पुढे जाते. ती पाळणाऱ्या संस्थांच्या ‘नैतिक भरती’ यादीत असलेल्या संस्थेला परिचारिकेकडून थेट पैसे घेता येत नाहीत आणि पैसे घेणाऱ्या सहएजंटामार्फत भरतीही करता येत नाही. लंडनच्या रुग्णालयासाठी महाराष्ट्रातून परिचारिका नेऊ पाहणाऱ्या संस्थेने आपला सगळा खर्च व नफा रुग्णालयाच्या बिलातून निघेल, असाच हिशेब पहिल्या दिवसापासून मांडला पाहिजे. परिचारिकेसमोर ठेवायच्या कागदावर शुल्काची ओळच असता कामा नये.