पांढरी मुसळी: बोरिवलीचे नाव मिरवणारी रानवनस्पती

पावसाळा सुरू झाला की ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारांत गवताच्या पातीसारख्या दिसणाऱ्या रानभाजीच्या जुड्या येतात. हीच फोडशी किंवा कुळीची भाजी. फोडशी म्हणून एकाच कुळातील काही जाती विकल्या जातात. त्यांपैकी एक म्हणजे पांढरी मुसळी. आयुर्वेदिक दुकानांत तिची वाळलेली मुळे ‘सफेद मुसळी’ या नावाने मिळतात.

नाव कुठून आले?
तिचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलिएनम. वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी १९५० च्या दशकात या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन केले आणि तिला मुंबईतील बोरिवलीचे नाव दिले.

कशी ओळखतात?
जूनमध्ये जमिनीलगत लांब, हिरव्या पानांचा झुपका येतो. मग मधून दांडा निघतो आणि त्यावर सहा पाकळ्यांची पांढरी फुले येतात. पावसाळा सरता सरता पाने वाळून जातात. जमिनीखाली बोटांसारख्या मांसल मुळांचा घोस मात्र जिवंत राहतो. मुळांची साल तपकिरी, आतला गर पांढरा असतो.

काय खातात?
कोवळी पाने कांदा, मिरची आणि चणाडाळ घालून परततात. मुळे सोलून, वाळवून पूड करतात आणि ती शक्तिवर्धक म्हणून दुधातून घेतात. तिच्याबद्दलचे जाहिरातींतील दावे मोठे असले, तरी बरेचसे अभ्यास प्राण्यांवर झालेले आहेत. त्यामुळे वैद्याच्या सल्ल्याशिवाय ती घेऊ नये.

धोका कशाचा?
पाने खुडली तर झाड पुन्हा फुटते. मुळांचा अख्खा घोस उपटला तर मात्र पुढच्या वर्षीचा कोंबही जातो, कारण तो घोसाच्या माथ्यावर असतो. बियांची उगवण कमी असल्याने जंगलातली तूट लवकर भरून निघत नाही. त्यामुळे बाजाराची गरज शेतीतून भागवणे महत्त्वाचे ठरते. लागवडीसाठी कोंबासह मुळे लावतात.

हे लक्षात ठेवा
पाने वाळल्यावर नुसत्या कंदावरून वनस्पती ओळखणे अवघड असते. पावसाळ्यात उगवणाऱ्या कळलावीचे कंद तर विषारी असतात. म्हणून रानातले अनोळखी कंद खाऊ नयेत. राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय वनस्पती काढणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे.