डोडोचे उरलेले डोके

मॉरिशसचा न उडणारा डोडो सतराव्या शतकात नामशेष झाला. कातड्यासह टिकलेले त्याचे एकमेव डोके ऑक्सफर्डच्या संग्रहालयात आहे. लंडनमध्ये 1638च्या सुमारास पैसे घेऊन दाखवला जाणारा जिवंत डोडो तो हाच, असा समज होता. 2018 साली स्कॅनमध्ये कवटीच्या मागच्या भागात आणि मानेत शिशाचे बारीक छर्रे आढळले, म्हणजे पक्षी मागून गोळी घालून मारलेला. प्रदर्शनातला पाळीव पक्षी असा कोण मारील? त्याच अवशेषातील डीएनएवरून 2002 मध्ये डोडो कबुतरांच्या कुळातला ठरला; हयात पक्ष्यांत सर्वांत जवळचा नातलग निकोबारी कबुतर. भारताशी त्याचा संबंध आणखीही आहे: इंग्रज प्रवासी पीटर मंडीने सुरतेत दोन डोडो पाहिले होते. मोगल चित्रकार मन्सूरच्या नावावर असलेल्या चित्रातही डोडो दिसतो.