बेगमांची दिल्ली

दिल्लीला जाऊन आलेल्या भगिनींना काय काय पाहिले म्हणून विचारावे, तर लाल किल्ला, कुतुबमिनार, राजघाट ही उत्तरे ठरलेली. तेथला वाटाड्याही राजांचीच नावे घेतो. मी दिल्ली दोनदा पाहिली. तेथल्या कितीतरी वास्तू बायकांच्या पैशाने आणि हुकमाने उभ्या राहिल्या आहेत, हे मात्र मला पुस्तकांतूनच कळले. पुढेमागे मंडळाची सहल तिकडे निघालीच, तर उपयोगी पडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

हुमायूनची कबरच घ्या. १५५६ साली पुराण्या किल्ल्यातील जिन्यावरून पडून हुमायून वारला. त्याची पत्नी हाजी बेगम हिच्या देखरेखीखाली ही भव्य वास्तू बांधली गेली. नवऱ्याने बायकोसाठी बांधलेला ताजमहाल जगाला ठाऊक आहे. पण बायकोने नवऱ्यासाठी बांधलेली ही कबर ताजहून सुमारे साठ वर्षांनी वडील आहे! पुराण्या किल्ल्यासमोरची खैरुल मनाझिल मशीद अकबराची दाई माहम अनगा हिने १५६१ च्या सुमारास बांधविली. रस्त्याच्या पलीकडेच आहे, पण तेथे फारसे कोणी थांबत नाही.

परंतु सर्वांत मोठे नाव जहाँआराचे. शहाजहानची ही थोरली लेक. १६३१ साली आई मुमताजमहल गेली, तेव्हा ही अवघी सतरा वर्षांची. आणि बादशाही जनान्याचा सारा कारभार तिच्यावर आला. सुरत बंदराचे उत्पन्न तिला नेमून दिलेले होते. (शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० मध्ये लुटली तीच ही सुरत.) दिल्लीत नवी राजधानी वसली तेव्हा १६५० च्या सुमारास चांदणी चौक तिनेच आखून घेतला. मधोमध पाण्याचा पाट, दुतर्फा दुकाने, आणि मध्यावर एक मोठा हौद. त्या हौदात चांदणे पडे, म्हणून चांदणी चौक, असे सांगतात. हौदाशेजारी तिने वाटसरूंसाठी सराई बांधली, मागे बाग केली. १८५७ नंतर इंग्रजांनी सराई पाडून तेथे टाऊन हॉल उभारला. पाटही आता नाही. साड्या, गोटा-किनार आणि पराठे यांसाठी आपण ज्या रस्त्याने हिंडतो, तो एका बाईच्या डोक्यातून निघालेला आहे, एवढे तरी तेथे उभे राहून आठवावे. रस्त्याच्या पश्चिम टोकाची फतेहपुरी मशीद शहाजहानच्या एका बेगमेची.

पुढे औरंगजेबाने बापाला आग्र्याच्या किल्ल्यात कोंडले, तेव्हा जहाँआरा १६६६ पर्यंत, म्हणजे बापाच्या मरणापर्यंत, त्याच्याजवळ राहिली. इतके वैभव पाहिलेली ही स्त्री निजामुद्दीन दर्ग्याच्या आवारात उघड्यावर निजली आहे. भोवती संगमरवरी जाळी, पण कबरीवर दगड नाही. तिच्याच इच्छेप्रमाणे माती आणि हिरवळ. दर्ग्याच्या गाभ्यात स्त्रियांना प्रवेश नाही, आपल्याला बाहेरूनच दर्शन घ्यावे लागते, आणि ते मला रुचले नाही. जहाँआराजवळ जायला मात्र कुणाची आडकाठी नाही.

आणि रझिया? दिल्लीच्या तख्तावर स्वतःच्या हक्काने बसलेली ती एकटीच. मुलगे असूनही बाप अल्तमशाने तिची निवड केली होती. १२३६ ते १२४० अशी चारच वर्षे तिने राज्य केले, तेही पडदा टाकून, दरबारात उघडपणे बसून. सरदारांना ते सोसले नाही. तिची म्हणून दाखवितात ती कबर तुर्कमान दरवाजाच्या आत, बुलबुलीखान्याच्या गल्लीत आहे. चारी बाजूंनी घरे, वर आकाश, घुमट नाही. गल्ली इतकी अरुंद, की मोटार बाहेर ठेवून पायीच जावे लागते. वाटाड्या नेणार नाही. दुकानदारांना विचारीत जावे.

सहल ठरविताना एवढेच ध्यानात ठेवावे, की लाल किल्ला सोमवारी बंद असतो. त्या दिवशी सकाळी निजामुद्दीन आणि हुमायूनची कबर, व उन्हे उतरल्यावर रझियाची गल्ली, असा बेत सहज जमेल.