बालगंधर्व की केशवराव? शंभर वर्षांपूर्वीचं एक गोड भांडण

गाण्यावरून भांडणं आपल्या महाराष्ट्राला नवीन नाही. रफी की किशोर, लता की आशा, यावर आपल्या आधीच्या पिढ्यांनी किती कप चहा संपवले असतील त्याचा हिशोब नाही. पण रेडिओ नव्हता, बोलपट नव्हता, तेव्हाही हे भांडण होतंच. फक्त नावं वेगळी होती. एका बाजूला बालगंधर्व, दुसऱ्या बाजूला केशवराव भोसले. आज या भांडणाची आठवण काढायला एक कारण आहे, ते शेवटी सांगतो.

आधी दोघांची ओळख, कारण नव्या मुलांना ही नावं फक्त नाट्यगृहांच्या पाटीवर दिसतात.

नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८. लहानपणी पुण्यात त्यांचं गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी ‘बालगंधर्व’ म्हटलं, अशी आख्यायिका आहे. १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि शकुंतला झाले. त्या काळी स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करायचे. पण नारायणराव रंगमंचावर आले की बायका त्यांची साडी आणि अंबाडा बघून घरी तसंच नेसायच्या. गाण्याची तालीम भास्करबुवा बखले यांच्याकडे. गळा गोड, लय पक्की, शब्द कधी चिरडला जायचा नाही. १९१३ मध्ये त्यांनी स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली.

केशवराव विठ्ठल भोसले, जन्म १८९०, कोल्हापूरचे. पोरवयातच नाटक कंपनीत गेले आणि ‘शारदा’ नाटकातल्या शारदेच्या भूमिकेने गाजले. १९०८ साली हुबळीत त्यांनी ललितकलादर्श ही कंपनी काढली, तेव्हा वय अठरासुद्धा पूर्ण नव्हतं! पुढे स्त्रीभूमिका सोडून नायक झाले. रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे शिकले. आवाज चढा, दमदार, तान बंदुकीच्या गोळीसारखी सुटायची.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. तेव्हा माईक नव्हता. नाटक रात्री सुरू व्हायचं आणि पहाटेपर्यंत चालायचं. पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत जो आवाज पोचतो तो गवई, असं साधं गणित होतं. ग्रामोफोनच्या तबकड्या होत्या, पण एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. त्यात काय कळणार? त्यामुळे वाद घालायचा तर आधी तिकीट काढून ऐकायला जावं लागायचं. पुन्हा एकाला ऐकून भागत नव्हतं, दुसऱ्यालाही ऐकावं लागायचं. नाहीतर कट्ट्यावर तुमचं कोण ऐकून घेणार? ‘तू केशवरावांचं अमुक पद ऐकलंस का?’ या एका प्रश्नावर गंधर्वभक्त गप्प व्हायचा. किंवा उलट.

आणि मतदान कसं व्हायचं? ‘वन्स मोअर’ने. पद संपलं की ओरडायचं. नटाने पुन्हा म्हटलं की ते पद जिंकलं. एकेका पदाला तीन-तीन, चार-चार वेळा. नाटक पुढे सरकेना, तरी कोणाची तक्रार नाही. आजच्या लाइकपेक्षा हे मत महाग होतं, कारण त्यासाठी रात्रभर बाकावर बसायला लागायचं.

वादाचे मुद्देही कच्चे नव्हते. एक पक्ष म्हणायचा, गाणं म्हणजे भाव, लालित्य; नुसत्या ताना मारायला नाटक कशाला, बैठक आहे की. दुसरा पक्ष म्हणायचा, अहो, गळ्यात दम नको का? नुसतं गोड गोड किती ऐकायचं? म्हणजे बघा, संगीतात शब्द मोठा की सूर मोठा, हा पंडितांचा प्रश्न साधे कारकून, दुकानदार, विद्यार्थी आपल्या भाषेत सोडवत होते. ज्यांना रागाचं नावही सांगता आलं नसतं ते लोक कानाने तयार झाले, ते असे भांडून.

पण हे सगळं फार गुळगुळीत करून सांगणं खरं होणार नाही. तो काळ आठवा. वेदोक्त प्रकरणात शाहू महाराज आणि लोकमान्य टिळक एकमेकांच्या विरुद्ध उभे राहिले होते. १९२०-२१ च्या सुमारास ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद ऐन भरात होता. आणि इथे एक नट ब्राह्मण, दुसरा मराठा; एक टिळकांनी कौतुक केलेला, दुसरा कोल्हापूरचा, शाहू महाराजांचा लाडका. अशा गाण्याच्या भांडणाला जातीची काडी लागायला कितीसा वेळ? कोणाच्या मनात ते नसेलच असं म्हणणं भाबडेपणाचं होईल.

म्हणूनच ८ जुलै १९२१ ही तारीख मला महत्त्वाची वाटते.

त्या दिवशी मुंबईच्या बालीवाला थिएटरमध्ये ‘संयुक्त मानापमान’ झालं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं हे नाटक १९११ साली पहिल्यांदा रंगमंचावर आलं होतं, चाली गोविंदराव टेंबे यांच्या. बालगंधर्व भामिनी, आणि केशवराव धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे दोन मालक, दोन पक्षांची दोन दैवतं, एकाच रंगमंचावर समोरासमोर! तिकिटांचे दर नेहमीच्या कैक पट, तरी थिएटर भरलं.

पैसा कशासाठी? टिळक स्वराज्य फंडासाठी. लोकमान्य १ ऑगस्ट १९२० ला गेले. त्यांच्या नावाने काँग्रेसने एक कोटी रुपये जमवायचं ठरवलं होतं आणि मुंबईत त्याचा मोठा जोर होता. याच जुलैच्या शेवटी, ३१ तारखेला, परळला गांधीजींच्या उपस्थितीत विलायती कपड्यांची होळी झाली. असं ते वातावरण.

आता गंमत बघा. ज्या टिळकांशी शाहू महाराजांचा उभा दावा, त्यांच्या नावाच्या फंडासाठी शाहूंच्या कोल्हापूरचा गायक उभा राहिला. इकडे बालगंधर्वांच्या चरित्रांत वाचायला मिळतं की लहानपणी त्यांच्या कानाच्या दुखण्यावर मिरजेला उपचार झाले, ते शाहू महाराजांच्या मदतीने. म्हणजे ‘आपला’ आणि ‘त्यांचा’ अशी रेघ चाहत्यांनी कितीही ओढली तरी या दोघांच्या आयुष्यात ती रेघ सरळ जातच नाही.

नाटकही काय योग्य निवडलं होतं! श्रीमंतीच्या तोऱ्यात भामिनी गरीब सेनापतीचा, धैर्यधराचा, अपमान करते. मग वनमाला म्हणून वेश बदलून जवळून त्याला बघते आणि तिचं मत फिरतं. जवळ गेल्याशिवाय माणूस कळत नाही, एवढीच गोष्ट. प्रेक्षागृहात बसलेल्या दोन्ही पक्षांना त्या रात्री तेच करावं लागलं. आपल्या देवाला ऐकायचं तर दुसऱ्याच्या देवालाही ऐकावं लागणार, आणि तेही एकाच नाटकात, पाठोपाठ.

कोण जिंकलं? हा वाद त्यानंतर कितीतरी वर्षं चालला. कोणी म्हणालं केशवरावांनी मैदान मारलं, कोणी म्हणालं बालगंधर्वांपुढे सगळं फिकं. निकाल लागला नाही, आणि लागला नाही हेच बरं झालं. निकाल लागला असता तर गप्पा संपल्या असत्या.

सामना पुढेही रंगला असता, पण त्या प्रयोगानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ ला केशवराव गेले. वय फक्त ३१. ललितकलादर्श पुढे बापूराव पेंढारकरांनी सांभाळली. बालगंधर्वांना दीर्घ आयुष्य मिळालं, पण बोलपटांनी नाटक कंपन्यांचा धंदा बसवला आणि उतारवय फार हलाखीत गेलं. १५ जुलै १९६७ ला ते गेले.

आता हे सगळं आज सांगायचं कारण.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१५ मध्ये बांधलेल्या पॅलेस थिएटरला पुढे केशवरावांचं नाव दिलं गेलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. कोल्हापूरचे कलावंत त्या राखेसमोर उभे राहून रडले, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. नंतर ते पुन्हा उभं करायचं काम हाती घेतलं गेलं.

पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर. १९६२ मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते पायाभरणी झाली, २६ जून १९६८ ला ते सुरू झालं. ते बघायला ते स्वतः राहिले नव्हते. ते पाडून नवं बांधायचं की आहे तेच दुरुस्त करायचं, यावर काही वर्षं वाद चालू आहे.

दोन गायक, दोन शहरं, दोन नाट्यगृहं, आणि दोन्हींपुढे प्रश्न एकच. सामान्य माणसाला परवडेल अशा तिकिटात गाणं-नाटक ऐकायची जागा राहणार का? बांधकाम कसलं, किती खर्चाचं, ठेका कोणाला, भाडं किती, हौशी संस्थेला तारीख मिळणार की नाही, हे विचारायला कोण जाणार? गंधर्वभक्त जाणार की केशवरावांचे चाहते?

१९२१ चं उत्तर आपल्यासमोर आहे. दोघांनी मिळून जायचं.

आज आपण काय करतो? आपल्या आवडत्या गायकाचे व्ह्यूज किती, दुसऱ्याचे किती, यावर रात्र-रात्र एकमेकांची आई-बहीण काढतो. समोरच्याचा गायक न ऐकताच त्याला शिव्या. आणि शहरातली एकुलती एक नाट्यगृहं गळकी, एसी बंद, स्वच्छतागृहात पाऊल ठेववत नाही, त्यावर मात्र कोणाचा आवाज चढत नाही.

भांडा, जरूर भांडा. रफी-किशोरवर भांडा, अजय-अतुल आधीचे चांगले की आताचे यावर भांडा. गाण्यावर न भांडणारा समाज बहिरा होतो. पण अट जुनीच: आधी दुसऱ्याचं नीट ऐका, आणि ज्या रंगमंचावर दोघांनी गायचं तो सांभाळायची वेळ आली की एका रांगेत उभे राहा.

कोल्हापूरकरांनो, पुणेकरांनो, पुढच्या वेळी नाट्यगृहाच्या प्रश्नावर महापालिकेत हरकती-सूचना मागवल्या की एक अर्ज तुमचाही जाऊ द्या. बालगंधर्व मोठे की केशवराव, ते आपण नंतर निवांत बघू.