भावोजींची काठी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधले सहा महिने अक्काकडे न्यू जर्सीला होते. "अमेरिकेबद्दल लिहा" असं दोघातिघांनी सुचवलं, पण नायगारा आणि न्यूयॉर्कबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहिणार आहे एका काठीबद्दल. ती विकताना आमच्या घरात जे घडलं, ते चौतीस वर्षं इतिहास शिकवलेल्या बाईला गप्प बसवेना, म्हणून हा प्रपंच.

भावोजी जाऊन तीन वर्षं होतील. अक्का आता ऐंशीची. तिला मोठं घर झेपत नाही, म्हणून ते विकून लहान जागेत जायचं ठरलं. भाचा शनिवार-रविवार येऊन तळघर उपसायचा आणि आम्ही दोघी बहिणी खुर्च्या टाकून "हे ठेव, ते टाक" करत बसायचो. अशाच एका रविवारी कपाटामागून काळी, लांबट, नळकांड्यासारखी पेटी निघाली. अक्का म्हणाली, "ती जपून. ती यांची बालाबुश्का."

आमच्या नातेवाइकांपैकी जे जे तिकडे जाऊन आलेत त्यांना ही पेटी ठाऊक असणार. जेवणं झाली की भावोजी पाहुण्यांना तळघरात न्यायचे, पेटी उघडायचे, दोन तुकडे एकमेकांत फिरवून काठी जोडायचे आणि सांगायचे, "ही बालाबुश्काच्या हातची. म्हाताऱ्याने जायच्या आदल्या वर्षी माझ्यासाठी केली." काठी म्हणजे पूल खेळायची काठी, म्हणजेच क्यू. भावोजींना हे वेड पुण्यापासूनचं. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्याला बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले. कुठल्याही खेळात जगज्जेता झालेला तो पहिला भारतीय. शाळकरी भावोजींनी ती बातमी कापून ठेवली होती म्हणे. क्लबात शिरायची ऐपत नव्हती. १९६९ साली अमेरिकेत गेले तेव्हा पहिल्यांदा हातात काठी आली.

बालाबुश्का कोण, हे मलाही नीट माहीत नव्हतं. मग भाच्याने पुस्तकं आणून दिली आणि मी चष्मा पुसून वाचायला बसले. जॉर्ज बालाबुश्का हा १९१२ साली रशियात जन्मला आणि १९२४ साली अमेरिकेत आला. सुतारकाम, लाकडी खेळणी, फर्निचर असं करत पोट भरलं. १९५९ साली एका भागीदाराबरोबर त्याने पूल खेळायची जागा विकत घेतली आणि त्याच वर्षी मित्रांना भेट द्यायला म्हणून घरी काठ्या करायला सुरुवात केली. लोक मागायला लागले, त्याचा धंदा झाला. १९७५ साली तो वारला. तोवर हजार-बाराशे काठ्या त्याच्या हातून झाल्या असाव्यात असा अंदाज आहे. व्हायोलिनमध्ये स्ट्रॅडिव्हेरियसचं नाव जसं घेतात तसं काठ्यांमध्ये याचं.

आता अशा काठीत एवढं काय असतं? मीही आधी हेच विचारलं होतं. लांबी साधारण अठ्ठावन्न इंच, वजन जेमतेम साडेपाचशे ग्रॅम. पुढचा निमुळता भाग मेपल लाकडाचा, टोकाला तेरा मिलिमीटर व्यासाची चामड्याची टिकली. मागच्या भागात मेपलमध्ये शिसव किंवा आबनूस यांची लांब टोकदार पाचर बसवलेली असते, आणि दोन लाकडांच्या मधे रंगीत लाकडाचे कागदासारखे पातळ थर. हाताच्या पकडीपाशी आयरिश लिननचा दोरा गुंडाळलेला. लाकूड एकदम कातत नाहीत. थोडं कातायचं, महिनोन्‌महिने टांगून ठेवायचं, वाकतं का बघायचं, पुन्हा थोडं कातायचं. जे वाकेल ते बाजूला. आमच्या वाईचे जुने सुतार दाराच्या चौकटीचं लाकूड असंच मुरवत ठेवायचे.

भाच्याने चौकशी केली. अस्सल बालाबुश्का असेल तर किंमत दहा हजार डॉलर्सच्या पुढे सहज जाते. अक्काच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. पैशाची तिला गरज नव्हती असं नाही, नव्या जागेचा खर्च होताच. पण त्याहून जास्त, "हे उगीच सांगत नव्हते" याचं समाधान.

आम्ही काठी घेऊन एका जाणकाराकडे गेलो. सत्तरी उलटलेला माणूस, आयुष्यभर काठ्या दुरुस्त करत आलेला. त्याने काठी जोडली, टेबलावर लोळवून पाहिली (वाकलेली असेल तर ती उड्या मारत जाते), सरळ निघाली. मग भिंग घेऊन अर्धा तास बघत बसला. शेवटी म्हणाला, मागच्या भागाचं मूळ लाकूड ब्रन्सविक कंपनीच्या 'टायटलिस्ट' नावाच्या अखंड काठीचं आहे. त्या काळी अशा तयार काठ्या कापून, त्यांना मधे जोड बसवून बरेच कारागीर नव्या काठ्या करायचे. बालाबुश्कानेही केल्या, आणि गावोगावच्या इतर कैक जणांनीही केल्या. म्हणजे नुसतं लाकूड बघून कर्ता सांगता येत नाही. जोडाचा स्क्रू आणि शेवटची टोपी त्याला बालाबुश्काची वाटेना. "काम चांगलं आहे," तो म्हणाला, "पण त्याचं नाही असं मला वाटतं. तुमच्याकडे काही कागद आहे का?"

अगदी हाच प्रश्न मी वर्गात विचारत आले!

त्याने आणखी एक गोष्ट दाखवली. चामड्याच्या टिकलीखाली जी पांढरी कडी असते ती हस्तिदंताची होती. आडव्या-तिरप्या बारीक रेषांची जाळी भिंगातून स्वच्छ दिसली. न्यू जर्सीत २०१४ च्या कायद्याने हस्तिदंताची खरेदी-विक्री बंद आहे. म्हणजे ती कडी काढल्याशिवाय काठी विकताच येणार नव्हती. या खेळाने हत्तींचं फार नुकसान केलंय हो. पूर्वी चेंडूसुद्धा हस्तिदंताचे असत. १८६० च्या दशकात अमेरिकेत एका कंपनीने पर्याय शोधणाऱ्याला दहा हजार डॉलर्सचं बक्षीस जाहीर केलं, त्या नादात जॉन हायटने सेल्युलॉइड बनवलं, आणि प्लॅस्टिकच्या युगाची सुरुवात झाली. आम्ही कडी काढून तिथे प्लॅस्टिकची बसवून घेतली. जुनी अक्काच्या कुंकवाच्या करंड्यात पडून आहे.

घरी येताना गाडीत भाचा म्हणाला, "मावशी, आपण 'बालाबुश्काची असण्याची शक्यता' एवढंच लिहू. त्यात खोटं काय? तो नक्की नाही असं कुठे म्हणाला?"

मी म्हटलं, "अरे, वाक्य खोटं नाही, पण घेणारा ते वाचून जे समजेल ते खोटं आहे." अक्का खिडकीबाहेर बघत होती. काही बोलली नाही.

रात्री झोप येईना. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला तो आमच्या वाईलाच सापडलेल्या पत्रांवरून. नंतर एकूण बावीस खंड झाले. त्यांचा आग्रह एकच. बखर घडून गेल्यावर, पुष्कळदा कोणाला तरी बरं वाटावं म्हणून लिहिलेली असते. पत्र त्या दिवशीचं असतं, आणि लिहिणाऱ्याला ठाऊकही नसतं की पुढे कोणी ते तपासणार आहे. मी मुलांना सांगायची, बखर गोडीने वाचा, पण तारीख पत्रातूनच घ्या. आणि इथे आमच्या घरातच एक बखर तयार झाली होती.

मग मला प्रश्न पडला, भावोजी ही गोष्ट सांगायला लागले केव्हापासून? आठवून पाहिलं. ऐंशीच्या सुमारास भारतात आले होते तेव्हा खेळाबद्दल तासन्‌तास बोलले, पण हे नाव ऐकल्याचं आठवत नाही. १९८६ साली मार्टिन स्कॉर्सेसीचा 'द कलर ऑफ मनी' आला. पॉल न्यूमनला त्यात ऑस्कर मिळालं. त्यात तो टॉम क्रूझला एक काठी देतो, बालाबुश्का म्हणून. त्या सिनेमाने हे नाव घराघरात गेलं. गंमत म्हणजे पडद्यावरची ती काठीसुद्धा बालाबुश्काची नव्हती, जॉस नावाच्या दुसऱ्या कारखान्याची होती!

आणि मग आठवली माझी वाईची पत्र्याची ट्रंक. अक्काची सगळी निळी एअरोग्राम पत्रं मी वर्षवार बांधून ठेवलेली आहेत. सूनबाईला फोन केला. बिचारीने १९७३ ते ७६ चे गठ्ठे सोडून एकेक पत्र वाचलं. दुसऱ्या दिवशी फोनवर फोटो आला. नोव्हेंबर १९७४, अक्काचं तिरपं अक्षर:

"यांनी पंच्याऐंशी डॉलर घालून खेळायची काठी करून घेतली. यांच्या कंपनीतला एक इटालियन म्हातारा आहे, तो घरी लेथवर काठ्या करतो. महिन्याचा किराणा गेला. मी दोन दिवस बोलले नाही. पण काठी दिसायला देखणी आहे हो."

तुम्हाला वाटेल, मला आनंद झाला असेल. नाही झाला. वर्गातल्या पेशव्यांबद्दल बोलणं निराळं आणि सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याबद्दल बोलणं निराळं. दोन दिवस फोन पदरात घेऊन फिरत होते. दाखवला नाही तर? जाणकारालाही शंभर टक्के खात्री नव्हती, भाचा तर लिहायला तयारच होता. पण जन्मभर जे शिकवलं ते पहिल्याच घरगुती परीक्षेत गुंडाळून ठेवायचं का?

तिसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर दाखवला. अक्काने फोटो मोठा करून वाचला. मग म्हणाली, "तुझं इतिहास शिकवणं शाळेत ठेवायचं होतंस." आणि उठून आत गेली. दुपारपर्यंत बोलणं नाही. १९७४ सालासारखंच!

संध्याकाळी मेथी निवडताना स्वतःच म्हणाली, "त्या म्हाताऱ्याची बायको मला वाटीभर सॉस द्यायची टोमॅटोचा. मी तिला चिवडा द्यायची. विसरलेच होते बघ. यांच्या गोष्टीत ती दोघं पार पुसून गेली." थोड्या वेळाने म्हणाली, "मुलाला सांग, पत्रात आहे तेच लिही."

भाच्याने तसंच लिहिलं: टायटलिस्टच्या लाकडातून १९७४ साली एका कामगाराने घरी बनवलेली काठी, मूळ किंमत पंच्याऐंशी डॉलर, हस्तिदंताची कडी बदललेली. साडेसहाशे डॉलर आले. घ्यायला आलेला गृहस्थ टपाल खात्यातून निवृत्त झालेला होता, अजून रोज संध्याकाळी खेळतो. भाच्याने पत्राचा अर्थ इंग्रजीत सांगितला तेव्हा "दोन दिवस बोलले नाही" यावर मनापासून हसला. म्हणाला, पैसे देतो, पण या पत्राची प्रत मला हवी. काठीबरोबर राहू दे, पुढे कोणी विचारलं तर दाखवायला.

तर अक्काच्या मराठी पत्राची छापील प्रत आता त्या काळ्या पेटीत आहे. काठी गेल्यावर अक्का म्हणाली, "हे असते तर रागावले असते." मी म्हटलं, "आधी रागावले असते, मग ही गोष्टसुद्धा पाहुण्यांना सांगितली असती." त्यावर ती काही बोलली नाही, पण रात्री पानात साजूक तूप जरा जास्त वाढलं.

असो. आमच्या नातेवाइकांपैकी ज्यांनी बालाबुश्काची गोष्ट पुढे कोणाला सांगितली असेल, त्यांनी ती अवश्य दुरुस्त करावी. आणि घरातली जुनी पत्रं रद्दीत घालू नयेत, एवढीच विनंती.